‘इन डेव्हलपमेंट’ म्हणजे नक्की कुठे? कॅप्टन व्योमची वाट बघताना

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बसमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये इयरफोन न लावता वाचणाऱ्यांसाठी. बोलताना शंभर वेळा आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो. गेल्या महिन्यात मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. कॅप्टन व्योमचा ‘नवा ट्रेलर’. अंतराळयान, निळा प्रकाश, चिलखत घातलेला हिरो, ढणढण म्युझिक. दीड मिनिटाचा व्हिडिओ. मी रात्री साडेअकराला बघितला आणि न तपासता पुढे ढकलला. हो, मी. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस.

सिडकोत राहणारा माझा मावसभाऊ, आमचा दादा, त्याने तो सकाळी सहाला बघितला. १९९८ मध्ये दूरदर्शनवर कॅप्टन व्योम लागायचं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. माझी ओळख फार नंतर झाली, यूट्यूबवरच्या अंधुक एपिसोडमधून. पण दादाचं प्रकरण वेगळं. त्याने वहीच्या मागच्या पानांवर यानं काढली होती, ती वही मावशीने अजून ठेवलीय. तर दादाने अंबडला कामाला निघायच्या आधी त्याच्या मुलाला उठवून तो व्हिडिओ दाखवला. “आपण दोघं हे बघणार” असं सांगूनही टाकलं.

दुपारी मी व्हिडिओ परत उघडला. वर्णनाच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की हा कॉन्सेप्ट व्हिडिओ आहे. म्हणजे कोणीतरी घरी बसून एआयने बनवलेला. मी दादाला फोन केला, सॉरी म्हणालो. तो रागावला नाही. तो फक्त म्हणाला, “बरं, मग ते येतंय की नाही, एवढंच सांग.”

आणि मला उत्तर देता येईना. आजचा एपिसोड त्या एका प्रश्नासाठी.

आधी खरं काय ते

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅप्टन व्योम ही केतन मेहतांची मालिका. १९९८ ला डीडी नॅशनलवर आली, मुख्य भूमिकेत आपला मिलिंद सोमण. भविष्यातली पृथ्वी, तुरुंगातून पळालेले अट्टल गुन्हेगार, त्यांना ग्रहाग्रहांवर शोधणारा कॅप्टन. आज बघाल तर ग्राफिक्सवर हसू येईल. पण तेव्हा आपल्याकडे टीव्हीसाठी असलं कुणी फारसं करतच नव्हतं. त्याच्या आधी दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ येऊन गेलं होतं, १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आलं होतं, ज्यात मुलं कॉम्प्युटर बनवता बनवता कालप्रवासात पोचतात आणि ज्यात लहानपणीचा करण जोहर दिसतो. यादी तेवढी लांब नाही. म्हणून ज्यांनी हे बघितलं, त्यांच्या मनात ते घट्ट बसलं.

मग २०२१ मध्ये बातमी आली. ब्रूइंग थॉट्स नावाच्या निर्मिती कंपनीने कॅप्टन व्योमचे हक्क घेतले, त्यावर पाच भागांची चित्रपटमालिका आणि सोबत वेब सिरीज करायचा विचार आहे. ही बातमी खरी होती. पेपरात आली, वेबसाइटवर आली. आणि तेव्हापासून दादासारखे लोक वाट बघतायत.

आता गंमत बघा. बातमी खरी, ट्रेलर खोटा, आणि दोन्हींच्या मध्ये जी मोठी मोकळी जागा आहे तिचं नाव ‘इन डेव्हलपमेंट’. त्या जागेत नेमकं काय घडतं हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून खोट्या ट्रेलरवाल्यांचं फावतं. रिकामी जागा कोणीतरी भरणारच.

पहिली पायरी: हक्क, म्हणजे इसार

एखाद्या गोष्टीवर मालिका करायची तर आधी तिचे हक्क लागतात. हे दोन प्रकारे होतं. एक, सरळ विकत घ्यायचे. दोन, ऑप्शन घ्यायचा. ऑप्शन म्हणजे काय, तर आपली इसार पावती. समजा मखमलाबादला एक प्लॉट तुम्हाला आवडला. सगळे पैसे आत्ता नाहीत. तुम्ही इसार देता, आणि मालकाला सांगता की इतके महिने हा दुसऱ्या कोणाला विकू नकोस. त्या मुदतीत तुम्ही बँकेत फिरता, कागदपत्रं बघता. जमलं तर खरेदीखत. नाही जमलं तर इसार गेला, प्लॉट परत मालकाकडे.

निर्मात्याचं तसंच. लेखकाला किंवा मूळ हक्कदाराला थोडी रक्कम द्यायची, ठरावीक मुदत घ्यायची, आणि त्या मुदतीत पैसे लावणारा प्लॅटफॉर्म शोधायचा. जगभरात अशा कितीतरी पुस्तकांचे, जुन्या मालिकांचे ऑप्शन घेतले जातात. त्यातले बरेचसे मुदत संपून परत जातात.

इसार पावती झाली म्हणून कोणी लगेच वास्तुशांतीचं आमंत्रण देत नाही. पण सिरीजच्या बाबतीत ‘हक्क घेतले’ अशी बातमी वाचली की आपण तेच करतो. मनातल्या मनात सोफा कुठे ठेवायचा ते ठरवून मोकळे.

मग डेव्हलपमेंट: न दिसणारं काम

हक्क मिळाल्यावर लेखक बसतात. ते एक जाड दस्तऐवज बनवतात, त्याला इंडस्ट्रीत ‘बायबल’ म्हणतात. त्यात त्या जगाचे नियम, पात्रं, पहिला सीझन कुठे सुरू होतो, तिसरा कुठे संपतो, हे सगळं. त्यानंतर पहिल्या एपिसोडची पटकथा. मग पिच, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या लोकांसमोर बसून गोष्ट विकणं. ते म्हणतात, छान आहे, पण हिरोचं वय कमी करा. परत लिहा. दुसरा प्लॅटफॉर्म म्हणतो, आमच्याकडे असंच एक चालू आहे. परत फिरा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज जगतो. बोर्डावर एखादं तिकीट ‘इन प्रोग्रेस’मध्ये आठ महिने पडून असतं. स्टेटस कॉलमध्ये सगळे म्हणतात, चालू आहे. खरं तर त्यावर शेवटचं काम कधी झालं ते कोणालाच आठवत नसतं. तिकीट बंदही होत नाही, कारण बंद करायला कोणीतरी ‘आपण हे करत नाही आहोत’ असं तोंडाने बोलावं लागतं. हॉलिवूडमध्ये या अवस्थेला ‘डेव्हलपमेंट हेल’ असं नावच आहे. प्रोजेक्ट मेलेला नसतो, जिवंतही नसतो.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. काही दिसत नाही म्हणजे काही होत नाही, असंही नाही. आपल्या नाशिकवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. बाग उघडीबोडकी दिसते. बाहेरचा माणूस म्हणेल, वाट लागली. पण पुढच्या वर्षीचा घड त्याच काळात काडीच्या डोळ्यात तयार होत असतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की तो बाहेर येतो, आणि माल हाती यायला जानेवारी ते मार्च उजाडतो. एप्रिल-मे मध्ये काडीत घडच धरला नसेल, तर ऑक्टोबरनंतर कितीही फवारण्या मारा, उपयोग नाही.

डेव्हलपमेंट म्हणजे खरड छाटणी. इथे गोष्ट धरली नाही तर पुढे कोट्यवधींचं व्हीएफएक्स ओतूनही ती गोड लागत नाही. आपण सगळ्यांनी अशा सिरीज बघितल्यात, नावं घेत नाही.

ग्रीनलाइट: इथून घड्याळ सुरू

सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘सिरीज ऑर्डर’ किंवा ‘ग्रीनलाइट’. म्हणजे प्लॅटफॉर्मने सांगितलं की हे घ्या पैसे, इतके एपिसोड बनवा. हे खरेदीखत. ह्याच्या आधीचं सगळं इसार.

उदाहरण घेऊ. आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’च्या कथा १९४२ पासून मासिकात यायला लागल्या, १९५१ मध्ये पुस्तक आलं. पडद्यावर आणायचे प्रयत्न कितीतरी झाले. २००९ मध्ये सोनीकडे हक्क होते, दिग्दर्शक म्हणून रोलँड एमेरिक यांचं नाव होतं. झालं नाही. २०१४ मध्ये एचबीओसाठी जोनाथन नोलन काम करतायत अशी बातमी आली. तेही नाही. शेवटी २०१८ मध्ये अ‍ॅपलने सिरीज ऑर्डर केली. आणि २४ सप्टेंबर २०२१ ला पहिला एपिसोड दिसला. मध्ये कोव्हिडने शूटिंग थांबलं होतं, तरी ऑर्डरनंतर साधारण तीन वर्षांत काम झालं.

दुसरं उदाहरण, ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलं, मार्च २०२४ मध्ये आलं. साडेतीन वर्षं.

ह्यातून आपल्याला एक कच्चा हिशेब मिळतो. मोठ्या सायफाय सिरीजला ग्रीनलाइट मिळाल्यावर तीन-साडेतीन वर्षं लागली तर त्यात नवल नाही. ग्रीनलाइटच्या आधी मात्र कसलाच हिशेब लागत नाही. तिथे पाच वर्षंही जातात, पन्नासही जातात. म्हणून वाट बघणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कधी येणार’ हा विचारू नये. ‘ग्रीनलाइट मिळाला का’ हा विचारावा.

सायफायच का अडकतं?

सासू-सुनेची मालिका महिन्या-दोन महिन्यांत सुरू होते, मग हेच का रखडतं? साधं कारण आहे. घरगुती मालिकेला एक बंगला भाड्याने मिळतो. साड्या बाजारात मिळतात. गुरूच्या चंद्रावरचा तुरुंग कोणी भाड्याने देत नाही. दरवाजा, बटण, चमचा, सगळं आधी कोणीतरी डिझाइन करायचं, मग बनवायचं. जे बनवता येत नाही ते कॉम्प्युटरवर करायचं.

व्हीएफएक्सचा खर्च कसा वाढतो ते आपल्या भाषेत सांगतो. एक यान कॉम्प्युटरवर बनवणं हा एकदाचा खर्च. पण ते प्रत्येक शॉटमध्ये हलवायचं, त्यावर प्रकाश टाकायचा, रेंडर करायचं, मग खऱ्या नटाच्या शॉटमध्ये बेमालूम बसवायचं, हा दर शॉटचा खर्च. त्यात दिग्दर्शकाने शेवटी म्हटलं की यान डावीकडून नको, उजवीकडून येऊ दे, की परत रेंडर. आमच्याकडे प्रॉडक्शनच्या आदल्या रात्री रिक्वायरमेंट बदलते ना, अगदी तसंच. म्हणूनच पटकथा आधी पक्की करणं इथे दुप्पट महत्त्वाचं.

दुसरं कारण तुलनेचं. १९९८ मध्ये दादाकडे तुलना करायला काही नव्हतं. आज त्याच्या मुलाच्या फोनमध्ये अख्ख्या जगाच्या सिरीज आहेत. ‘आपल्याकडची आहे, चालवून घ्या’ हे तो म्हणणार नाही. निर्मात्याला हे माहीत असतं. त्यामुळे तो घाबरतो.

पण पैसा नसला की सायफाय होतच नाही, हेही खोटं. नागपूरच्या आरती कडव, आयआयटी कानपूरच्या इंजिनिअर. त्यांनी ‘कार्गो’ हा चित्रपट केला, २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. अंतराळयानात एक राक्षस नोकरी करतो, मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करायची. सगळी गोष्ट मुख्यतः एका यानात, सेट जुन्या रेडिओच्या दुकानासारखा. बजेट लहान, पण कल्पना स्वतःची. बघितला नसेल तर जरूर बघा.

नाशिकच्या माणसाने हे शंभर वर्षांपूर्वी केलं होतं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं नवीन ओटीटीचं लफडं आहे. अजिबात नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. शाळेच्या सहलीला आपण सगळे गेलोय, कारंज्यापाशी फोटो काढलेत. पण त्या माणसाने पैसे कसे उभे केले, हे मला तरी शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० चा, आपल्या त्र्यंबकेश्वरचा. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट बघितला आणि ठरवलं की आपल्या देवांचे असे चित्रपट करायचे. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, कॅमेरा मागवला. आता पैसे कोण देणार? भारतात पूर्ण लांबीचा कथापट कोणी केलेलाच नव्हता. सावकाराला काय दाखवायचं?

तर फाळक्यांनी कुंडीत वाटाणे लावले. समोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. त्यातून मिनिटभराहून थोडीशी मोठी फिल्म तयार झाली, ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर बी फुटतं, कोंब येतो, वेल सरसर वर चढतो. आज आपण त्याला टाइमलॅप्स म्हणतो, फोनमध्ये बटण आहे. तेव्हा बघणाऱ्यांना ती जादू वाटली असणार. ही फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि त्यातून कर्ज मिळालं. तरी पुरलं नाही, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे केले.

आयटीच्या भाषेत ‘अंकुराची वाढ’ हा प्रूफ ऑफ कॉन्सेप्ट होता. आणि माझ्या त्या खोट्या ट्रेलरलाही ‘कॉन्सेप्ट’च म्हटलेलं होतं. फरक कळतोय का? फाळक्यांनी जे दाखवलं ते करून दाखवलं होतं. हे जमतं, आणि मला जमतं, याचा तो पुरावा होता. खोटा ट्रेलर कशाचाच पुरावा नसतो. त्याच्या मागे हक्क नाहीत, लेखक नाही, पटकथा नाही. आपली वाट बघण्याची सवय विकून कोणीतरी व्ह्यूज कमावतं.

हा धंदा लहान नाही बरं का. मार्च २०२५ मध्ये यूट्यूबने स्क्रीन कल्चर आणि केएच स्टुडिओ या दोन मोठ्या चॅनेलची जाहिरातीची कमाई थांबवली, कारण ते न आलेल्या चित्रपटांचे एआय वापरून ट्रेलर बनवत होते. त्यातलं स्क्रीन कल्चर भारतातूनच चालायचं.

फॅन लोकांच्या हातात काही आहे का?

आहे. पण कधी, ते समजून घ्यायला हवं.

‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ला सुरू झालं. त्याचा पहिला पायलट एपिसोड एनबीसीने नाकारला होता, दुसरा बनवायला लावला. दुसऱ्या सीझनच्या वेळी बंद पडायची वेळ आली तेव्हा फॅन्सनी पत्रांची मोहीम काढली. हाताने लिहिलेली, तिकीट लावलेली पत्रं, पोत्यांनी. तिसरा सीझन मिळाला. १९६९ ला बंद झालं तोवर ७९ एपिसोड झाले होते. पुढे हेच एपिसोड अमेरिकेतल्या लहान लहान स्टेशनांवर परत परत दाखवले गेले, त्यातून नवा प्रेक्षक तयार झाला. तिसरा सीझन नसता तर परत परत दाखवायला पुरेसे एपिसोडच नसते.

२०१८ मध्ये ‘द एक्स्पान्स’ ही सिरीज सायफाय चॅनेलने तीन सीझननंतर बंद केली. फॅन्सनी वर्गणी काढून अ‍ॅमेझॉन स्टुडिओच्या वर विमानातून बॅनर फिरवला. लाखावर लोकांनी सह्या केल्या. त्याच मे महिन्यात जेफ बेझोसने जाहीर केलं की सिरीज अ‍ॅमेझॉन चालवणार. आणखी तीन सीझन आले.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. मालिका आधी अस्तित्वात होती. लोकांनी ती बघितली होती, आणि बघणारे किती वेडे आहेत हे मोजता येत होतं. जी मालिका अजून कागदावर आहे तिच्यासाठी कमेंटमध्ये ‘कब आयेगा’ लिहून फारसं काही हलत नाही. पण ‘कार्गो’सारखं आपल्याकडचं जे आधीच बनलंय ते पूर्ण बघणं, टेलिग्रामवरून न उतरवता अ‍ॅपवर बघणं, मित्राला सांगणं, ह्याने हलतं. कारण पिचच्या टेबलावर पलीकडचा माणूस हेच विचारतो, की भारतात सायफाय बघतं कोण? त्याला द्यायचं उत्तर आपण आत्ता, आज तयार करत असतो.

बातमी आली की हे पाच प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, क्रियापद काय आहे? ‘हक्क घेतले’, ‘चर्चा सुरू’, ‘ऑर्डर दिली’, ‘शूटिंग सुरू’, ‘शूटिंग संपलं’. ह्या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. हेडलाइनमध्ये सगळ्यांना ‘येतेय’ असंच म्हणतात.

दोन, प्लॅटफॉर्मचं नाव आहे का? निर्मात्याचं नाव आहे पण दाखवणाऱ्याचं नाही, तर बहुतेक इसाराचीच पायरी.

तीन, लेखकाचं नाव आहे का? नटाच्या नावाने उड्या मारू नका. गोष्ट लिहिणारा ठरलाय का ते बघा.

चार, ट्रेलर कोणाच्या चॅनेलवर आहे? प्लॅटफॉर्म किंवा निर्मात्याच्या अधिकृत चॅनेलवर नसेल तर वर्णनाची शेवटची ओळ वाचा. मी वाचली नव्हती.

पाच, शेवटची खरी बातमी किती जुनी आहे? तीच २०२१ ची बातमी दर वर्षी नवा फोटो लावून फिरत असेल, तर ती नवी बातमी नाही.

आणि तोवर?

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. पण एक विज्ञानकथाकार, खगोलशास्त्रज्ञ, संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि तो मान आपल्या गावाला मिळाला. २० मे २०२५ ला ते गेले.

त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं. नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस गोष्टीला मिळालं.

त्यांचं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचलंय? तुमच्यातल्या काहींनी अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाने वाचलं असेल. एक इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात पोचतो जिथे पानिपतची लढाई मराठे जिंकलेत. ना यान, ना लेझर. एक प्रवास, एक बदललेली मुंबई, एक ग्रंथालय. मला नेहमी वाटतं की मराठी सायफाय सिरीज व्हायची तर अशाच गोष्टीतून होईल. आपल्याकडे पैसे कमी असतील, पण ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, या सगळ्यांनी गोष्टींचा मोठा साठा करून ठेवलाय. कॅप्टन व्योम येईपर्यंत बघायला काही नसेल, पण वाचायला भरपूर आहे.

तर दादाला मी शेवटी काय सांगितलं? रविवारी त्याच्याकडे गेलो आणि सरळ सांगितलं. “दादा, हक्क घेतल्याची बातमी खरी होती. त्यापुढची पक्की बातमी माझ्याकडे नाही. ज्या दिवशी कुठल्या प्लॅटफॉर्मने ऑर्डर दिली असं वाचेन, त्या दिवशी तुला फोन करेन. तिथून पुढे तीन वर्षं धर.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे पोरगं निदान बारा-तेराचं होईल. त्याला तेव्हा माझ्यासोबत बघायचं असेल का?”

ह्याचं उत्तर कुठल्याच निर्मात्याकडे नाही. मंडळी, वाट बघण्यात हीच एक खरी अडचण आहे. मालिका उशिरा आली तरी चालते, पण जिच्यासोबत बघायची ती वेळ थांबत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की नवीन येईल तेव्हा येईल. त्या संध्याकाळी यूट्यूबवरचे जुने अंधुक एपिसोड टीव्हीला जोडले. पोरगं ग्राफिक्सला खूप हसलं. तिसऱ्या एपिसोडला हसायचं थांबलं, आणि “पुढचा लाव” म्हणालं. मावशीने आतून ती वही आणून दिली.

तुम्ही कशाची वाट बघताय, आणि कोणासोबत? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि हो, ट्रेलर फॉरवर्ड करायच्या आधी शेवटची ओळ वाचा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर राम राम!